पन्नास व्होल्ट

सकाळी साडेदहाला प्रज्वल हेडाऊ आला,
पाठीवर बॅग, खांद्यावर पिवळ्या केबलचं वेटोळं.
म्हणाला, काका, खालून घेऊ का गच्चीवरून?
मी म्हटलं, गच्चीवरून.
खालच्या वाटेनं माझं तांबं गेलंय.

त्याला कळलं नाही. कळायचं कारणही नाही.
एकतीस वर्षं मी मानेवाड्याच्या चेंबरांमध्ये
गुडघाभर पाण्यात बसून
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी
अशा जोड्या पिळत होतो.
मे महिन्यात काळी माती भेगाळायची,
जमीन दोन्हीकडे ओढायची, केबल मधेच तुटायची,
आणि अख्ख्या लेआउटची तक्रार
ओल्या दुपट्ट्याखाली माझ्या डोक्यावर.

याच्याकडे टिफिनएवढी मशीन.
काचेचा धागा, माझ्या उरलेल्या केसांहून बारीक,
त्यानं स्पिरिटनं पुसला, कापला, आत ठेवला.
स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली,
जराशी बिचकली,
एक ठिणगी,
आणि आकडा: शून्य पूर्णांक शून्य दोन.
"लॉस हाय थोडासा," तो म्हणाला, "चालते."
मी चष्मा काढून पुसला.
माझ्या एकेका जोडाला चहाचे दोन दोन कप लागत.

दुसरं टोक त्यानं मला लावू दिलं.
हात थरथरला. तुकडा चटईत गेला
तसं पोरगं घाबरलं: "पायात घुसन जी, दिसत नाही तो."
मग सेलोटेप घेऊन आम्ही दोघं
फरशी चाचपत राहिलो रांगत रांगत,
आणि पुष्पलता कूलरमध्ये पाणी टाकता टाकता म्हणाली,
काहून, अंगठी हरवली काय?

नंबर तोच राहिला.
मागे एकदा पुढे दोनचा आकडा लागला होता,
तेव्हाही आम्ही तोच आहे म्हणायचो.

रविवारी नऊ वाजता भंडाऱ्याहून ताईचा फोन.
आवाज इतका स्वच्छ
की मी नुसता ऐकत होतो तेवढ्यात ती थांबली,
"हॅलो? हॅलो? आहेस ना रे बाबू?"
आहे ना, ताई.
"मग खरखर काहून येत नाही?"
चाळीस वर्षं ती खरखर होती आमच्यात,
भाऊजी गेले त्या रात्रीसुद्धा.
बोलणं संपलं की तीच ऐकत बसायचो दोघं.
आता मी मधूनमधून हं म्हणतो.
नुसतंच. हं.

बुधवारी रात्री लाईन गेली.
सेहेचाळीस डिग्रीचा दिवस भिंतींत तसाच साठलेला,
कूलर घरघरत थांबला,
राउटरचे हिरवे डोळे मिटले, त्याच्या मागोमाग फोन.
आमच्याकडे विजेलाही लाईनच म्हणतात,
पण एक गेली तरी दुसरी असायची.
एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये रांगेनं सेल,
ॲसिडच्या वासानं खोकला यायचा,
तिथून पन्नास व्होल्ट निघायचे
पानठेल्यांखालून, नाल्याखालून, मेट्रोचे खड्डे चुकवत
घरोघर, रात्रंदिवस, कोणी बोलो न बोलो.
अंधारात रिसीव्हर उचलला
तर पलीकडे काहीतरी जागं असायचं.

बैठकीच्या कोपऱ्यात, जुन्या सॉकेटमधून
ती जोडी अजून बाहेर आलेली.
कापायला कोणी आलंच नाही.
पुष्पलता गच्चीवर झोपायला गेली होती.
मी दातांनी टोकं सोलली,
आणि खांबावर मीटर नसला की करायचो तसं
दोन्ही जिभेवर ठेवली.

आंबट लागलं. किंचित.
की तांब्याचीच चव होती ती, या वयात सांगता येत नाही.
वरून आवाज आला,
"या ना वर, वारा सुटला, काय करून राहिले खाली?"

मी काही बोललो नाही.
तोंडात तारा होत्या.